मामांची लोकशाही

माझे मामा चिमाजी तरुणपणी फौजेत होते आणि श्रीलंकेत गेलेल्या शांतिसेनेत त्यांच्या गुडघ्यात सुरुंगाचा तुकडा घुसला. पेठेतल्या हॉटेलात टीव्हीवर कुठल्यातरी देशात लोकशाही आणायला विमानं निघाली, की मामा गुडघा चोळत ऐकवतात, "आमी उतरलो तवा लोकांनी हार घातलं व्हतं राव. पुढं त्याच गल्लीत सुरुंग. दुसऱ्याच्या घरात शिरून कुणाचं भलं व्हत न्हाई." हे मी लहानपणापासून ऐकत आलेय आणि मला ते पटलेलं होतं.

मामांना मात्र ते पटलेलं नसावं.

माझं सासर बोरी बुद्रुकला. मला आळेफाट्यावर गाळा घेऊन ब्लाउज शिवायचं दुकान टाकायचं होतं. आमच्याकडे सासूबाईंच्या, म्हणजे गोजरबाईंच्या शब्दाशिवाय कोथिंबिरीची जुडीसुद्धा बाजारात जात नाही. म्हणून मी त्यांच्या कलानं घेत होते. त्यांचे ब्लाउज शिवले, त्यांच्या बहिणींचे शिवले, टोमणेही गिळले. शेवटी त्या म्हणाल्या, "दिवाळी व्हऊ दे, बघू." आमच्या घरात याला होकार म्हणतात.

नेमकं त्याच आठवड्यात मी आईला फोनवर सहज बोलून गेले, "इथं सगळं सासूबाईच ठरवतात गं." आईनं ते मामांच्या कानावर घातलं. रविवारी मामा जीप भरून माहेरची माणसं घेऊन दारात हजर.

सासूबाईंनी पाहुण्यांना पोहे दिले, चहा दिला. मामांनी दोन्ही संपवलं आणि जाहीर केलं, "विहीणबाई, जमाना बदलला. पोरीनं दुकान टाकायचं का न्हाई, ते घरानं हात वर करून ठरवायचं. लोकशाही पायजे." मी त्यांना डोळ्यांनी खुणावत होते. ते म्हणाले, "घाबरू नको, आमी हाये."

सोयऱ्यांसमोर आईच्या विरोधात हात वर करणारा मुलगा आमच्या तालुक्यात अजून जन्मायचाय. माझ्या नवऱ्यानं, गोरखनं, तो गाळा स्वतः बघून ठेवला होता. आता तो फरशीकडे बघत बसला. सासरे सावळेराम पोळ्यापासून सासूबाईंशी बोलत नव्हते, ते उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. 'हो'च्या बाजूनं माझ्या एकटीचा हात. 'नको' कोण म्हणतं विचारल्यावर सासऱ्यांचा हात वर गेला, मग गोरखचा. सासूबाईंनी मतच दिलं नाही. रागानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तो राग सासूबाईंवर नव्हता.

"निकाल काय बी लागू दे, मतदान झालं," म्हणत मामा खुशीत जीपमध्ये बसले.

संध्याकाळी भाकरी थापताना सासूबाई म्हणाल्या, "वृषाली, मी तर हो म्हणणार व्हते. शटरला कुलूप बी आणून ठिवलं व्हतं. पण आता घराचं मत पडलं. ते मोडणारी मी कोण?"

ते कुलूप गोठ्याला लागलं. गाळ्यात मोबाइलचं दुकान आलं.

दिवाळीनंतर मामांचा फोन आला. "काय गं, निघालं का दुकान?"

"न्हाई मामा."

"लंकेत बी आमचं हेच चुकलं बघ," ते म्हणाले. मला वाटलं, चला, आता तरी डोक्यात प्रकाश पडला.

"आनखी थोडं थांबायला पायजे व्हतं," मामा म्हणाले. "रविवारी येतो. या बारीला मुक्कामालाच."