हातमोज्यातलं बोट

आईनं मला कधी गालाला हात लावून कुरवाळलं नाही. फारच माया आली तर मनगटाची मागची बाजू टेकवायची. आमच्या अंबरपेठेतल्या बाकीच्या आया पोरांचे गाल ओढायच्या, आणि मला त्या पोरांचा भयंकर हेवा वाटायचा. माझी आई, मालनबाई, एका मसाल्याच्या कारखान्यात मिरचीची चक्की चालवते. हातमोजे मिळतात, पण चक्कीची बटणं तिखटानं चोंदलेली. मोज्यातून दबायची नाहीत. मग मोजा काढून उघड्या बोटानं रेटायचं. तिखट कातडीत मुरायचं, तीनदा साबण लावला तरी जायचं नाही. मला मात्र तो हात हवा असायचा. अजून हवा आहे, चोवीस वर्षांची घोडी झाले तरी.

यंदा, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, तिथले शेठजी बटणं काढून टचस्क्रीन लावायला निघाले. परदेशी माल आता सहज मिळायला लागलाय. स्क्रीन निवडायचं काम ज्या कंपनीकडं आलं, तिथं मी नवी इंजिनिअर. काम मी भांडून मागून घेतलं.

नमुने दोन होते. एक काचेचा, चकचकीत, उघडं बोट नुसतं टेकलं की चालणारा. दुसऱ्यावर प्लास्टिकचा पापुद्रा, दिसायला मळकट. तो दाबावा लागतो, मग बोटानं दाबा नाहीतर लाटण्यानं. शेठजींच्या एसी खोलीत सगळ्या साहेबांनी चहा पिता पिता दोन्ही करून पाहिले. अर्थात काच जिंकली. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. पण काच लागली असती तर आईचा मोजा पुन्हा निघाला असता, जन्मभर.

"ये कांचवालाच फायनल करो," शेठजी इथल्या दखनी हिंदीत म्हणाले.

"चलानेवाली कू तो बुलाव पहले," मी म्हणाले.

आई आली. हातात मोजे, तोंडाला फडकं. तिनं मला ओळख दाखवली नाही. कामावर ती कुणाची आई नसते. काचेवर मोज्याचं बोट टेकवलं. काही झालं नाही. पुन्हा टेकवलं. मग साहेबांकडं बघत, सवयीनं, ती मोजा काढायला लागली.

"मोजा काढू नका, मालनबाई." माझा आवाज चढलाच. "तो दुसरा दाबा."

तिनं दाबला. पडद्यावर हिरवा दिवा लागला. शेठजींनी तिचा एक मोजा मागून घेतला, स्वतः घातला, दोन्हीवर बोट ठेवून पाहिलं.

"हौ," ते म्हणाले, "यहीच लगाव."

पडदा लागून आता दोन महिने झाले. आईच्या हातांची आग थांबली आहे. काल संध्याकाळी मी तिला घ्यायला गेटवर गेले. ती हात धुऊन बाहेर आली, आणि मी लाजलज्जा सोडून गाल पुढं केला.

"आई, हात लाव ना."

ती हसली. हात उचलून गालापाशी आणला आणि तिथंच तो उलटा झाला. मनगट टेकलं.

"अगं, तिखट नाही आता."

"मला ठावं हाय की, पोरी," ती म्हणाली. "हाताला कुठं ठावं हाय?"

बस येईपर्यंत मी ते मनगटच गालाशी धरून उभी राहिले.