जयदेवच्या नावावरची फेरी

जयदेवचं तोंड दिसलं की अस्मिताच्या दाढा आपोआप आवळल्या जायच्या. वर्ष उलटलं तरी राग शिळा झाला नव्हता. उलट लोणच्यासारखा चांगला मुरला होता.

झालं होतं असं. उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये जयदेवचं गॅरेज, आणि अंबरनाथच्या शंकर ड्रायव्हरची ही लेक तिथे मेकॅनिक. बदलापूरच्या माळावर दर जानेवारीत मोटारींची शर्यत व्हायची. गाडी कंपनीतून आली तशीच पाहिजे, इंजिनाची ताकद वाढवायची नाही, ड्रमांमधून मातीत एकेकानं फेरी मारायची आणि घड्याळ सांगेल तो निकाल. बायकांचा गट वेगळा. पुरुषांनी सगळी माती उकरून ठेवली की मग त्यांची पाळी, आणि बक्षीस काय, तर स्टीलचा डबा! पुरुषांच्या मोठ्या गटात बाईला प्रवेशच नव्हता.

२००६ साली आदल्याच दिवशी जयदेवचं मनगट मुरगळलं. तो म्हणाला, "अस्मिता, माझा सूट घाल, हेल्मेट घाल, मार फेरी. किसको पता चलेगा? पुढच्या वर्षी ही गाडी तुझी." ती भुलली. भुलली म्हणजे काय, एकदा तरी मोठ्या गटात पळायची तिला भूकच लागली होती. एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंदांत तिनं फेरी मारली. माळावरचा तो विक्रम झाला. गाडी तंबूमागे गेली आणि बँडेज हातमोज्यात लपवून, हेल्मेट काखेत मारून बाहेर आला तो जयदेव. आयत्या बिळावर नागोबा!

महिनाभरात गरज सरो वैद्य मरो झालं. "लेडीज गटातच बरी तू," असं चार गिऱ्हाइकांदेखत सांगून त्यानं तिला काढून टाकलं.

तिच्या पप्पांनी मग बदलापूरच्या मांजर्लीत पुरात तीन दिवस बुडालेली एक मारुती भंगारातून आणली. बापलेकीनं वर्षभर खपून ती जिवंत केली. तेवढ्यात शर्यतीच्या प्रमुख कुमुदिनी मॅडमनी भांडून मोठा गट बायकांनाही खुला करून घेतला. यंदाच्या शर्यतीला निघताना पप्पा म्हणाले, "पोरी, त्याच्या नाकावर टिच्चून जिंक आणि गप घरी चल. मागचं उकरू नको. दुसऱ्याच्या नावावर चालवणाऱ्यालाही पाच वर्षं बंदी आहे."

आणि ती जिंकलीसुद्धा. एक पन्नास! जयदेव तिसरा आला, एक एकोणसाठ. "गिअरबॉक्सनं दगा दिला," म्हणत फिरत होता. गप बसला असता तर निभावलं असतं, पण गप बसेल तो जयदेव कसला. बक्षीस वाटायच्या वेळी त्यानं माइक हातात घेतला. "पोरीला शिकवलं कोणी? मी! माझा अठ्ठेचाळीसचा विक्रम मात्र तिला अजून जमायचाय."

अस्मिताच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं माइक हिसकावला. "तो विक्रम माझा आहे. गाडी याची, सूट याचा, पण फेरी मी मारलीय."

"पागल हो गई है," जयदेव हसला. त्याची दोस्तमंडळीही हसली.

कुमुदिनी मॅडम हसल्या नाहीत. "सोपं आहे. जयदेव, तुझीच गाडी. आधी तू फेरी मार, मग ही."

"मॅडम, माझा गिअरबॉक्स..."

"तिलाही तोच गिअरबॉक्स आहे."

जयदेव दोन मिनिटं एक सेकंदात आला, तोही एक ड्रम आडवा करून. मग अस्मिता त्याच्या गाडीत बसली. मॅडम खिडकीशी वाकून हळूच म्हणाल्या, "अजूनही वेळ आहे, उतर. रागात बोललीस, असं लिहून मिटवते. आजचा कप तुझाच राहील. पण खरी ठरलीस तर नियम तुलाही लागेल, बाळा. माझा इलाज नाही."

दोरीपलीकडून पप्पा मानेनं नको नको करत होते. अस्मिता चोवीस वर्षांची होती. पाच वर्षं म्हणजे किती, हे तिला पुरतं कळत होतं. तिनं जयदेवकडे बघितलं. तो मित्राला डोळा मारत होता.

तिनं पहिला गिअर टाकला.

दगाबाज म्हणून बदनाम झालेला तो गिअरबॉक्स तिच्या हाताखाली मुकाट चालला. तिसऱ्या ड्रमाला तिनं गाडी अशी आडवी घातली की दोरीजवळची माणसं धुळीत मागे पळाली. मागच्या वर्षी तिथेच, तशीच गाडी फिरवलेली सगळ्यांनी पाहिली होती. कुणीतरी ओरडलं, "अरे, हीच होती ती!" मॅडमनी घड्याळ बघितलं. एक सत्तेचाळीस.

जयदेवचे मित्र एकेक करून सरकले. कुमुदिनी मॅडम टेबलाशी बसल्या, त्यांनी नियमांचं पुस्तक मिटलं आणि कात्री काढली. "शर्यतीच्या परवान्याची कार्डं द्या. दोघांनी."

अस्मितानं आपलं कार्ड छातीशी धरलं. "आधी त्याचं, मॅडम. मला बघायचंय."

जयदेव खिसे चाचपडत राहिला, "मॅडम, प्लीज," म्हणाला, शेवटी कार्ड टेबलावर टाकलं. मॅडमनी त्याचे दोन तुकडे केले. अस्मितानं पापणीही न लववता बघितलं. वर्षभरात पहिल्यांदाच तिच्या दाढा सैल झाल्या.

"आता माझं कापा," ती म्हणाली, आणि कात्री चालली तेव्हा मात्र तिनं डोळे मिटून घेतले.