टिंगकाकांची घंटी

मी घंटी बोलतेय. शाळेची नव्हे, सायकलचीही नव्हे. टेबलावर बसणारी, वाटीएवढी, डोक्यावर टपली मारली की 'टिंग' करणारी. आयुष्यभर टपल्या खाल्ल्या, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझ्यामुळे कितीतरी चांगली माणसं बोलता बोलता गप्प झाली, त्याची थोडी टोचणी आहे.

माझी पहिली नोकरी एका लॉजच्या काउंटरवर. प्रवासी बॅग खाली ठेवायच्या आधी मला बडवायचे. लॉज बंद पडलं तेव्हा मॅनेजरनी मला रुमालात गुंडाळून घरी आणलं. "बावीस वर्षं हिनंच मला खुर्चीतून उठवलंय," ते बायकोला म्हणाले. बायको म्हणाली, "आता घरात वाजवू नका म्हणजे मिळवली."

घरात नाहीच वाजले. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक लांबट खोली होती. तिथं महिन्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी, स्लॅम पोएट्रीची स्पर्धा भरायची. तिथं कागद बघून वाचायचं नाही. उभं राहून, पाठ, जीव ओतून कविता म्हणायची. तीन मिनिटं, वर दहा सेकंदांची सूट; तीही संपली की मी वाजायचे आणि अर्धा गुण कापला जायचा. प्रेक्षकांतलेच पाच जण उचलायचे आणि त्यांच्या हाती गुणांच्या पाट्या द्यायच्या. त्यांनी कमी गुण दिले की बाकीचे त्यांची हुर्यो उडवायचे. वेळ बघायला काटेकोर माणूस हवा होता, आणि त्या बाबतीत आमचे मॅनेजर कुणाला हार जाणारे नव्हते. मनगटावरचं घड्याळ काढून ते टेबलावर ठेवायचे, शेजारी मला. कवींनी त्यांचं नाव टिंगकाका पाडलं.

काय दिवस होते ते! शिवणकाम करणारी बाई यायची, बसचा ड्रायव्हर गणवेशातच यायचा, कॉलेजची पोरं जिन्यातच ओळी पाठ करत उभी असायची. खालून पंक्चरच्या सोल्यूशनचा वास वर यायचा. मी वाजले की अख्खी खोली "काकाऽऽ!" म्हणून ओरडायची. ड्रायव्हर एकदा म्हणाला, "काका, माझ्या गाडीला एवढा कडक ब्रेक नाही हो!" सगळे पोट धरून हसले. त्याचा अर्धा गुण मात्र गेलाच.

चौदा वर्षं हे चाललं. मग दुकान विकलं गेलं, खोली गेली, आणि मी जुन्या बॅटऱ्या नि रबरबँडच्या डब्यात जाऊन पडले. किती वर्षं, कोण जाणे.

तो डबा उघडला काकांच्या नातीनं. तिला कॉलेजात शोधनिबंध लिहायचा होता. लहानपणापासून त्या खोलीच्या गोष्टी ऐकलेल्या, म्हणून तिनं विषय घेतला स्लॅम पोएट्री. तिच्या मॅडम म्हणाल्या होत्या, "विषय छान आहे गं, पण हवेत विरलेल्या कवितांवर लिहिणार काय? शुक्रवारपर्यंत त्या खोलीतली एक तरी कविता आण. नाहीतर विषय बदल." आणि आज गुरुवार होता.

"आजोबा, तुम्ही वही ठेवायचात ना?"

माझ्याच डब्याखालून वही निघाली. नात अधाशासारखी पानं उलटू लागली. शिवणवाली, दोन मिनिटं एक्कावन्न सेकंद. ड्रायव्हर, तीन मिनिटं पंधरा, अर्धा गुण वजा. चौदा वर्षांच्या सगळ्या कवींच्या वेळा सुवाच्य अक्षरात होत्या. कवितेची एक ओळ नव्हती.

"अहो आजोबा, कविता कुठंय?"

"ते माझं काम नव्हतं."

"एखादी आठवते तरी का? दोन ओळी?"

काकांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा पुसला. "मी ऐकतच नव्हतो गं, बाळा. पहिल्या खुर्चीत बसून मी काटा बघत होतो."

मला हे ठाऊक होतं. माझ्या डोक्यावरचा तो तळवा सेकंद मोजायचा, मला कळायचं. पण त्यांच्या तोंडून ऐकताना फार वाईट वाटलं. नात उगाच पानं चाळत राहिली, आणि एकदम थांबली.

"इथं नुसतं 'नर्सबाई' लिहिलंय. वेळच नाही."

काका कानापर्यंत लाल झाले. "तिथं चूक झाली माझी. हात या घंटीवरच होता, पण वाजवायचंच राहिलं. केवढा गोंधळ झाला! पाचही जणांनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले, बाकीचे कवी भांडायला उठले. मी उभा राहून सगळ्यांची माफी मागितली."

"का राहिलं वाजवायचं?"

काका खिडकीकडे बघत हळूहळू म्हणू लागले:

"खाटेखाली चपला आहेत,
खाटेवर नवा माणूस आहे.
चपला रोज विचारतात,
सिस्टर, आज सुट्टी मिळेल का?
मी म्हणते, उद्या. उद्या बघू.
माझ्या कपाटात अकरा जोड आहेत,
आणि अकरांनाही मी उद्याच सांगितलंय…"

ते थांबले नाहीत. शेवटपर्यंत म्हणाले. आजी स्वयंपाकघरातून हात पुसत येऊन दारात उभी राहिली. नात लिहीत होती आणि नाक ओढत होती. चौदा वर्षांतली ती एकच कविता काकांनी ऐकली होती, आणि ती अख्खीच्या अख्खी त्यांच्यात राहिली होती.

मॅडमनी विषय मान्य केला. शोधनिबंधात संदर्भ म्हणून काकांची मुलाखत आहे, आणि नातीनं नर्सबाईंचा शोधही चालवलाय. मी आता तिच्या टेबलावर, पुस्तकांशेजारी असते.

परवा शनिवारी नातीच्या कॉलेजात स्लॅम होतं. ती आजोबांना घेऊन जायला कॉलेजातून घरी आली. काकांनी मला उचललं. कितीतरी वर्षांनी त्यांचा तळवा डोक्यावर आला, मी हरखून गेले. त्यांनी मला रुमालानं पुसलं आणि परत टेबलावर ठेवलं. "आज तू राहा," म्हणाले. "आज मला ऐकायचंय."

मला वाईट वाटलं नाही म्हटलं तर खोटं होईल. पण जेवायच्या वेळेला परत आले ते बोलतच आले. ताटातलं निवून गेलं तरी एकेका पोराच्या ओळी आजीला म्हणून दाखवत होते, चुकत होते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते.

तुमच्याही हाताखाली माझ्यासारखी एखादी घंटी असेल, तर तिला एखाद्या दिवशी घरी ठेवून जा. आम्ही रागावत नाही.