हॅझलकोटचा रडणारा सरदार

"रडले! सरदार रडले!" ओबेडनं आरोळी ठोकली आणि अख्खं हॅझलकोट गाव चर्चमधल्या जुन्या थडग्याभोवती दाटलं. थडग्यावर कोरलेल्या दगडी सरदाराच्या गालांवरून खरंच पाणी ओघळत होतं!

ओबेड म्हणजे आमच्या चर्चचा घंटा वाजवणारा. "मंडळी, खोटारडं माणूस आत आलं की सरदारांना राहवत नाही. तीनशे वर्षं खोटं ऐकून डोळे हळवे झालेत बिचाऱ्यांचे!" असं म्हणत त्यानं दाराकडे बोट केलं. दारात हेस्टर उभी होती.

हेस्टर परगावी स्वयंपाकीण होती. नजर अधू झाली तशी परतली आणि निराधारांसाठी बांधलेल्या घरांतली एक खोली मागू लागली. खोली इथं जन्मलेल्यालाच मिळते. "मी इथलीच," ती काकुळतीनं सांगे. ओबेडला ती खोली बहिणीसाठी हवी होती, हे मागाहून कळलं. "खोटारडी! चालती हो गावातून!" असं ओरडणाऱ्यांत मीही होतो. सांगायला लाज वाटते, पण होतो.

ओरडल्या नाहीत त्या फक्त शाळेच्या पेनफोल्डबाई. त्यांनी चर्चच्या तळघरातून एक फरशी आणवली आणि सरदाराशेजारी ठेवली. थोड्याच वेळात तीही ओली झाली.

"ही कोणाच्या नावानं रडतेय रे, ओबेड?"

"बाई, ती... म्हणजे..."

"तीन आठवडे बर्फ होतं, दगड गारठलेत. आज दमट वारा सुटलाय. सकाळभर मोठं दार बंद ठेवलंस आणि हेस्टर येताना दिसली तेव्हा सताड उघडलंस. गार दगडावर दमट हवेचं पाणी होतं, दुसरं काही नाही!"

मग बाई माझ्याकडे वळल्या. "टॅरंट, गावातल्या जन्मांच्या नोंदी कुठे असतात?"

"इथंच, कोपऱ्यातल्या त्या पेटीत."

"आणि किल्ली?"

किल्ली माझ्याच कमरेला होती. नोंदवह्या मीच ठेवतो ना! पेटी उघडली. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या पानावर हेस्टरचं नाव होतं, बापाचं नाव होतं, आणि अक्षर माझं होतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

खोली हेस्टरला मिळाली. मी माफी मागायला गेलो.

"सरदाराचा राग नाही हो, टॅरंटकाका, तो दगडच," ती म्हणाली. "पण तुम्हाला एकदाही वही उघडावीशी वाटली नाही?"

म्हणून हात जोडून सांगतो, कोणी चमत्काराची साक्ष काढून माणसाला घराबाहेर काढू लागला, तर आधी तपासून बघा. मी बघितलं नव्हतं.