आखूड स्क्रूंची कडी

मित्रांनो, मी न्हाणीघराच्या दाराची जुनी पितळी कडी आहे. घरातले बाबा सुतार. लेक मोठी झाली तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने मला बसवले, चांगले लांब स्क्रू पिळून. "आता हत्ती आला तरी दार उघडायचं नाही," ते म्हणाले. ती स्तुती माझ्या डोक्यात गेली. वर्षानुवर्षे मी नुसती आडवी पडून राहिले आणि त्याचाच मला केवढा तोरा!

एका सकाळी लेक आत धाडकन पडली. हातपाय झटके देऊ लागले, टाचा दारावर आपटू लागल्या. बाहेरून बाबा धक्के देत होते आणि मी जीव खाऊन दार धरून होते. मला दुसरे काही येतच नव्हते. शेवटी लाकडासकट उपटले, तेव्हा सुटले. त्या आठवणीने आजही अंगावर काटा येतो.

पुढचे सारे मी घरातल्यांच्या बोलण्यातूनच ऐकले. डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा आलेख काढला, फोटो काढले. सगळे स्वच्छ. "फिट्सच असाव्यात, पण छातीठोकपणे सांगता येत नाही. गोळ्या मात्र चुकवायच्या नाहीत," त्या म्हणाल्या. गोळ्यांनी लेक दिवसभर पेंगू लागली. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात तिला कागद कापायच्या यंत्रावरून उठवून घड्या घालायला बसवले. झटका पुन्हा आला नाही. तो गोळ्यांनी थांबला की येणारच नव्हता, हे कुणालाच कळेना.

बाबांनी मला ठोकून सरळ केले आणि पुन्हा बसवले, पण लावायची बंदी. शिवाय अंघोळ संपेपर्यंत गात राहायचे, ही आईची अट. लेकीचा आणि सुरांचा छत्तीसचा आकडा! जरा थांबली की आई दार ढकलून हजर.

"अगं, गप्प का?"

"आई, तोंडात साबण गेलाय!"

सुरुवातीला दोघी हसत. मग हसणे बंद झाले, गाणे तेवढे चालू राहिले.

मागच्या महिन्यात लेक तपासणीहून परतली. उत्तर तेच: अजून नक्की नाही, गोळ्या चालू ठेवा. ती थेट आत आली आणि तिने मला सरकवले. तिची बोटे थरथरत होती. ही थरथर कसली, मला समजेना. मी भीतीने गार पडले. गाण्याचा पत्ता नव्हता.

बाहेर बाबा धावत आले. "कडी का लावलीस? बोल काहीतरी! दार तोडू का?"

"ठीक आहे मी, बाबा. मला फक्त रडायचंय. गाताना रडता येत नाही हो."

मग बाबा दाराला टेकून खाली बसले.

"मग मोठ्यानं रड, बाळा. मला ऐकू येऊ दे."

ती रडली, पोटभर रडली. मग तिनेच मला मागे सरकवले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी माझे लांब स्क्रू काढून आखूड बसवले. "लाव खुशाल. खांद्याच्या एका धक्क्यात निघेल. पण आधी मी हाक मारीन," ते म्हणाले. माझा तोरा उतरला, पण मला वाईट वाटले नाही. आजाराचे नक्की काय, ते अजूनही ठरलेले नाही. गोळ्या चालू आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणी असे दाराआड असेल. त्याची काळजी जरूर घ्या, पण दार ढकलण्याआधी हाक मारा. आणि आतून रडणे ऐकू आले, तर ते ऐकत थोडा वेळ बाहेरच बसा.