अर्घ्यापुरतं पाणी

"देवाला वाहिलेलं कचऱ्यात टाकायचं नाही गं, पाण्यात सोडायचं." सासूबाई, केशरबाई, जाऊन बारा वर्षं झाली, तरी निर्माल्य उचलताना गोदाताईंच्या कानी त्यांचे हे शब्द यायचेच.

त्याच शब्दाला जागायला गेल्या आणि घात झाला. दोन वर्षांपूर्वी आंबिवलीला बहिणीकडे गेल्या असताना नदीकाठी जांभळ्या तुऱ्याचं एक रोप तरंगताना दिसलं. तुरा इतका देखणा, की त्यांनी रोप मुळांसकट आणून पितळी पातेल्यात देवापुढे ठेवलं. दुसऱ्या दिवशी तुऱ्याने मान टाकली, रोप मात्र टवटवीत. देवापुढचं जितं रोप फेकवेना. घरी परतल्यावर निर्माल्याबरोबर त्यांनी ते आपल्या कोपर गावच्या तळ्यात सोडलं, हात जोडले आणि विसरून गेल्या.

आता तळ्यात पाणी शोधावं लागत होतं. या काठापासून त्या काठापर्यंत नुसती जलपर्णी, खाली मासे गुदमरून मरत होते. तळ्यात मासे धरणाऱ्या काळुरामनेच खाडीतून होडीबरोबर ही ब्याद आणली, असं गावाने ठरवून टाकलं होतं. रविवारच्या सभेत त्याच्याकडून तळ्यातल्या मासेमारीचा ठेका काढून घेणार होते. गोदाताई सगळं ऐकत होत्या आणि गप्प होत्या. जपाचे मणी बोटांतून सरकत, मन त्या पातेल्यापाशीच अडलेलं.

शनिवारी सकाळी नेमाप्रमाणे त्या सूर्याला अर्घ्य द्यायला घाटावर गेल्या. काळुराम कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून दाताळ्याने जलपर्णी ओढत होता. पायरीपाशी त्याने सुपाएवढी जागा मोकळी केली होती.

"ये गोदाबाय," तो हसला. "तुझ्या देवापुरतं पानी मोकलं केलंय. लवकर कर, उद्या परत झाकंल."

तांब्या त्यांच्या हातातच राहिला. पायरीवर बसून त्यांनी आंबिवलीपासूनचं सगळं हळू आवाजात सांगितलं.

काळुरामने दाताळ्यात अडकलेलं एक रोप हातात घेतलं. मग मुळांतला चिखल झटकत म्हणाला, "मना सांगून काय फायदा, बाय? उद्या सभेन सांगशील?"

"सांगेन," त्या म्हणाल्या. हातात अर्घ्याचं पाणी होतं, ते घेऊन दिलेला शब्द आता मागे घेता येणार नव्हता.

रविवारी पूजा आटोपल्यावर त्यांनी निर्माल्य तुळशीच्या मातीत पुरलं. सासूबाईंच्या फोटोपुढे, चुकलं म्हणून, हात जोडले. मग माळ्यावरचं पितळी पातेलं काढून पदराने पुसलं, काखेत घेतलं, आणि दार ओढून त्या सभा भरणाऱ्या देवळाकडे चालू लागल्या.