मागच्या सीटवर कोण बसणार

आमच्या झरीत माणूस विनाकारण पळत नाही. म्हैस सुटली, एसटी हलली किंवा कुणाच्या घरून वाईट निरोप आला, तरच पळतो. त्यामुळे मी, हायस्कुलातली क्लार्क राजेश्री, दोन मोठ्या लेकरांची आई, पंजाबी ड्रेसवर पोराचे जुने बूट घालून सकाळी रस्त्यानं पळायला लागले, तेव्हा गावानं ते फारच मनाला लावून घेतलं.

पहिल्याच दिवशी दिनकररावांनी मोटारसायकल आडवी लावली. ते माझ्या सासूच्या माहेरचे, म्हणून आमचे मामा.

"काय झालं? घरी समदं ठीक हाय ना?"

"ठीक हाय मामा. नुसती पळायले."

"कुठं जायलीस?"

"फाट्यापर्यंत. आन् मग वापस."

"फाट्यावर काय काम हाय?"

"काय न्हाई."

त्यांनी जरा विचार केला आणि रुमालानं मागची सीट झटकली. "काम नसलं तरी पायी कशाला जायचं? बस, सोडतो."

यात त्यांची चूक नाही. आमच्याकडं ओळखीचं माणूस रस्त्यात दिसलं आणि तुम्ही गाडी तशीच पुढं नेली, तर तुम्हाला शिकवलेलं वाया गेलं असं समजतात. 'बस' म्हणायचंच. आणि समोरच्यानं बसायचंच. एकदा नको म्हटलं तर तो संकोच, पण पुन्हा नको म्हटलं तर काहीतरी बिनसलंय, हे गावाला कळून चुकतं. पहिल्या आठवड्यात दूधवाल्यानं, आमच्या मुख्याध्यापकांनी आणि उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं मला बसवून फाट्यावर नेलं, नाहीतर वापस घरी आणून सोडलं. एकदा तर एसटी थांबली. घामानं ओलं व्हायच्या आत मी घरी परत यायचे आणि सगळ्या गावावर चिडायचे.

पण हळूहळू लोक कंटाळले. मग मला खरं पळायला मिळालं. सुरुवातीला गुडघे कुरकुरतात, श्वास घशात अडकतो, घरीच बरं होतं असं वाटतं. मग तुरीची शेतं लागतात, तिथं कुठंतरी सगळं सुटं होतं. पाय आपापलं काम करतात. कुणाला बोनाफाईड नको असतं, कुणाचा डबा भरायचा नसतो, सासूबाईंची गोळी द्यायची नसते. तेवढा वेळ मी कुणाचीच कुणी नसते आणि मला त्याचा इतका आनंद व्हायचा की एकटीच हसायचे. माझे मालक योगीराज गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यांत गुलाब लावतात आणि त्यांच्याशी बोलतात. त्यामुळे त्यांनी मला काही विचारलं नाही. म्हणाले, "तुला गुलाब कळत न्हाईत, मला पळणं कळत न्हाई. दोघंबी मोकळे."

राहिली एक कडूआक्का.

कडूबाई आमच्या शेजारची. आमच्या दोघींच्या घरांची एक भिंत सामाईक आहे. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा भाकरी थापायला मला सासूनं नाही, तिनं शिकवलं. धाकट्या लेकीच्या वेळी बाळंतपणात माझं डोकं फिरलं होतं, तेव्हा ती रात्रंदिवस उशाशी बसून होती. माझी आई गेल्यापासून मला तिच्याशिवाय कुणी रागावत नाही. नवरा जाऊन तिला बरीच वर्षं झाली. यंदा कापूस विकला आणि कुणाला काही न विचारता तिनं पोपटी रंगाची स्कुटी आणली. साठीला टेकलेली बाई शाळेच्या मैदानावर नऊवारीचा काष्टा घट्ट मारून गाडी शिकली. गावानं कौतुकही केलं. पण मग एका बाजाराच्या दिवशी ग्रामपंचायतीसमोर ती चहावाल्याच्या बाकड्यासकट आडवी झाली. लागलं कुणालाच नाही, पण त्या दिवसापासून तिच्या मागं बसायला एक माणूस तयार होईना. पुतण्या पंडित तर तोंडावर म्हणाला, "काकू, माझी लेकरं बारकी हायेत."

मग ती रोज सकाळी माझ्यामागून यायची. हॉर्न वाजवायची.

"बस."

"आक्का, मला पळायचंय."

ती पुढं जायची, वळून यायची. "आता झालं ना पळून? बस."

"न्हाई झालं अजून."

मी तिला खोटं सांगत नव्हते. पण सगळं खरंही सांगत नव्हते. मला पळायचं होतं, आणि मला तिच्या गाडीची भीती वाटत होती. पळणं हे चांगलं निमित्त मिळालं होतं.

आणि एका सकाळी, तिला नको म्हणून पुढं गेले तोच दिनकरमामा भेटले. त्यांना आदल्या दिवशी नाही म्हटलं होतं. पुन्हा नाही म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत ते सासूबाईंच्या कानावर गेलं असतं आणि मग महिनाभर घरात मामांच्या मानपानाचं पुराण. म्हटलं, जाऊ दे, एक दिवस. बसले. आणि वळणावर समोरून पोपटी स्कुटी आली. कडूआक्कानं आधी माझ्याकडं बघितलं, मग मामांच्या सीटकडं. हॉर्न वाजवला नाही.

दुपारी आमचा स्टीलचा डबा घरी आला. मी तिला त्यातून मेथीचं वरण दिलं होतं. आमच्याकडं डबा रिकामा परत देत नाहीत. काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालतात, एखादं लिंबू टाकतात. कडूआक्कानं तो घासून, पुसून, कोरडा करून पाठवला होता. आत काही नव्हतं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी ओट्यापाशी उभी राहून रडले.

पुढचे दिवस वाईट गेले. भिंतीपलीकडून तिचा मिक्सर ऐकू यायचा, पण हाक नाही. मी पळायला जायचे, पण तुरीची शेतं येऊन जायची आणि काही सुटं व्हायचं नाही. रस्ता मोकळा होता, कुणी बस म्हणत नव्हतं, आणि मला तो मोकळा रस्ता खायला उठायचा. पळणं सोडावं असं मनात आलं. पण ते सोडलं असतं तर मी तिच्यावरच राग काढला असता, हे मला माहीत होतं. मला दोन्ही हवं होतं, पळणंही आणि आक्काही.

"जाऊन बोल की," योगीराज म्हणाले. "मी गुलाबाला बोलतो, तुला माणसाला बोलायला काय जड जायलंय?"

संध्याकाळी गेले. आक्का अंगणात जुन्या लुगड्याच्या फडक्यानं स्कुटी पुसत होती. मी दिसले तरी फडकं थांबलं नाही.

"आक्का, मामाला न्हाई म्हणता येत न्हाई, तुमाला ठावं हाय."

"मला म्हणता येतंय."

"तुमाला म्हणता येतं, कारण तुमी माझ्या हाव. आन् मला भ्याबी वाटतंय तुमच्या गाडीचं. हे बी खरं हाय."

हे ऐकून ती थांबली. मला वाटलं आता शिव्या बसणार. ती पायरीवर टेकली.

"मला बी वाटतंय भ्या," ती म्हणाली. "पडल्यापासून लय वाटतंय."

"मग मला कशाला बसवायलाव?"

तिनं फडक्याची घडी घातली. "मी जल्मभर मागं बसले, राजेश्री. आधी बापाच्या बैलगाडीत, मग ह्यांच्या सायकलीवर. हे गेल्यावर पंडितच्या मागं. बाजाराला जायचं तर पंडित म्हणायचा उद्या, दवाखान्याला जायचं तर म्हणायचा परवा. कुणी बस म्हणायची वाट बघत रस्त्याच्या कडंला उभी राहिले मी. गाडी घेतली ती कुठं जायला न्हाई गं. मला बी एकदा कुणाला तरी बस म्हणायचं होतं."

रोज सकाळी ती मला काय देत होती, ते मला आता कळलं, आणि मी ते रोज परत करत होते. मी तिच्या शेजारी पायरीवर बसले.

"उद्या फाट्यापर्यंत पळते," मी म्हणाले. "तुमी तिथं थांबा. येताना तुमच्या मागं बसते."

"वापस पळत यायचं असतंय ना तुला?"

"अर्धं तर अर्धं."

दुसऱ्या दिवशी ती फाट्यावरच्या हॉटेलासमोर गाडी उभी करून थांबली होती. बाकड्यावर चहा पिणारे दहा-बारा बाप्ये आमच्याकडंच बघत होते. मी धापा टाकत पोचले. आक्कानं पदर खोचला, गाडी चालू केली आणि सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल असं म्हणाली, "बस."

मी बसले. तिची कंबर दोन्ही हातांनी धरली आणि डोळे मिटले. गाडी जरा डुलली, मग नीट झाली. आक्काचं अंग सुरुवातीला ताठ होतं. मी घट्ट धरल्यावर ते थोडं सैल पडलं. पहिलं वळण झालं तेव्हा मी डोळे उघडले. तुरी मागं जात होत्या. भीती होतीच, पण आम्ही दोघींनी ती वाटून घेतली होती.

अर्ध्या रस्त्यात गावातलीच, आक्काच्या वयाची सुलाबाई दिसली. डोक्यावर सरपणाची मोळी, चप्पल हातात, पाय ओढत चाललेली. आक्कानं थेट तिच्यापाशी ब्रेक मारला.

"राजेश्री, उतर."

"का?"

"तू पळ. सुलाबाईला बसू दे." मग तिच्याकडं वळून, "ती मोळी पुढं ठेव माझ्या पायाशी. आन् बस."

सुलाबाई माझ्याकडं बघून संकोचली. "हिला उतरवून मला कशाला बसवायलीस, कडू?"

"तिला पळायला आवडतंय," आक्का म्हणाली. आजवर गावात एकाही माणसानं माझ्याबद्दल हे वाक्य म्हटलं नव्हतं. "आन् मला माणसं बसवायला आवडतंय. चल, बस लवकर."

सुलाबाई बसली. स्कुटी मोळीसकट थोडी डावीकडं गेली, थोडी उजवीकडं, आणि गावाच्या दिशेनं निघाली. मी मागून पळायला लागले. मला इतकं हसू येत होतं की श्वास पुरेना, तरी मी थांबले नाही.